सात सीटर ऑटोमॅटिक, घोडबंदर रोड आणि गिअरबॉक्सचं ऑइल: काही वर्षांच्या वापरानंतर

आमची सात सीटर पेट्रोल गाडी आता ऐंशी हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. गिअरबॉक्स सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणारा. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते अशा कुठल्याही गिअरबॉक्सला लागू आहे, आणि ठाण्यात रोज गाडी काढणाऱ्याला तर जास्तच.

बाकीचं आधी उरकून घेतो. जागा उत्तम. आई-बाबा मधल्या रांगेत, मुलं मागे, सामान वर कॅरिअरवर, आणि संगमेश्वरपर्यंत कुणाची कुरकुर नाही. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे पोटाशी येतात, मेमध्ये मागे गारवा पोचायला वेळ लागतो. शहरात ९-१०, हायवेला १४ च्या आसपास ॲव्हरेज. इंजिनाने आजवर एकदाही दगा दिलेला नाही.

त्रास झाला तो गिअरबॉक्सचा. पन्नास-साठच्या वेगात, सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना गाडी एक-दोन सेकंद थरथरायची, पांढऱ्या रम्बल पट्ट्यांवरून गेल्यासारखी. माजिवड्याहून नाशिक हायवेला लागलो आणि रस्ता मोकळा मिळाला की हमखास. टायर बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, फरक शून्य. पुढे सकाळी थंड गाडीत रिव्हर्स टाकला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, आणि मग धक्का. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम वर चढायचा पण वेग वाढायचा नाही. शेवटी एका संध्याकाळी गायमुखच्या चढावर, अवजड गाड्यांच्या रांगेत रखडलेलो असताना डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरलाच अडकून बसली. याला लिम्प मोड म्हणतात. गिअरबॉक्स आणखी बिघडू नये म्हणून कंट्रोल युनिट गिअर बदलणं थांबवतं.

टोइंगवाला हुक लावायला आला, त्याला मी ठाम नकार दिला. हे प्रत्येक ऑटोमॅटिकवाल्याने लक्षात ठेवावं. या गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद आणि गिअरबॉक्सला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरतायत, म्हणजे आतले भाग ऑइलशिवाय फिरतायत. फ्लॅटबेड येईपर्यंत बराच वेळ थांबावं लागलं, पण थांबलो.

सर्व्हिस सेंटरने गाडी एक दिवस ठेवली आणि पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितलं. खर्च अडीच लाखांच्या पुढे. ऑइल तपासलं का, असं विचारलं, तर उत्तर आलं की ते ‘लाइफटाइम’ असतं, उघडायची गरज नसते. या उत्तराचा मला आजही राग येतो. कुणाच्या आयुष्यभर, गाडीच्या की वॉरंटीच्या?

ओळखीतून वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजला गाडी नेली. तिथल्या मिस्त्रींनी आधी स्कॅनर लावला. मेमरीत पी ०२१८ कोड होता, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल प्रमाणाबाहेर तापल्याची नोंद. मग गाडी लिफ्टवर घेतली. डाव्या ड्राइव्ह शाफ्टचं सील पाझरत होतं आणि लेव्हल बरीच खाली गेली होती. या गिअरबॉक्सला डिपस्टिकच (लेव्हल बघायची पट्टी) नाही, त्यामुळे वरून बघून कुणाला कळणारच नव्हतं. नवं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, लालभडक असतं. आमचं गडद तपकिरी निघालं. चेंबर (ऑइलचं खालचं भांडं) उतरवल्यावर त्यातल्या मॅग्नेटवर करड्या रंगाची बारीक पेस्ट होती. मिस्त्री म्हणाले, “साहेब, ही पेस्ट सगळ्यांच्यात असते. पत्र्यासारखे चमकते तुकडे निघाले असते तर मीच तुम्हाला गिअरबॉक्स खोला म्हणालो असतो. ऑइलला जळका वासही नाही. आधी ऑइल करू, मग बघू.”

सील बदललं, फिल्टर बदलला, आणि ऑइल एकदम न बदलता तीन टप्प्यांत बदललं, मधे काही दिवस गाडी चालवून. ड्रेन प्लग उघडला की सगळं ऑइल खाली येत नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपांत राहतं. दर वेळी निम्मं बदलतं असं धरलं, तर तीन वेळांत जवळपास ८७ टक्के नवं होतं. लेव्हल लावतानाही घाई केली नाही. इंजिन चालू ठेवून, कंपनीने ठरवून दिलेल्या तापमानाला ऑइल आल्यावरच ओव्हरफ्लो प्लग (जादा ऑइल बाहेर काढणारा) उघडला. थंड किंवा फार गरम ऑइलवर लेव्हल लावली तर ती चुकते, आणि कमी-जास्त दोन्ही वाईट. शेवटी ॲडॅप्टेशन रीसेट, म्हणजे कंट्रोल युनिटने शिकून ठेवलेल्या जुन्या सवयी पुसून टाकल्या. सगळं मिळून खर्च तीस हजारांच्या आत.

थरथर का होते, हे तिथेच नीट कळलं. ठरावीक वेगानंतर कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच धरतो आणि इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडतो. तो गुळगुळीत धरला जावा म्हणून एटीएफमध्ये खास रसायनं असतात. ऑइल तापत राहिलं की ती संपतात, आणि क्लच धर-सोड करू लागतो. म्हणून ऑइलची ग्रेडही पुस्तकात लिहिलेलीच हवी. अमेरिकेत क्रायस्लरने १९८९ मध्ये आपल्या मिनीव्हॅनना ए ६०४ हा इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स दिला, तो बदनाम झाला त्यामागे हेही एक कारण होतं. नेमून दिलेल्या ऑइलऐवजी त्यात सर्रास डेक्स्रॉन हे दुसऱ्या जातीचं एटीएफ ओतलं जायचं. उष्णतेचं उदाहरण होंडाचं. ओडिसी मिनीव्हॅन धरून सुमारे ११ लाख गाड्या २००४ मध्ये परत बोलवाव्या लागल्या, कारण दुसऱ्या गिअरला पुरेसं ऑइल न पोचल्याने तो तापून दाते तुटण्याचा धोका होता.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपण गिअरबॉक्सचं वय किलोमीटरमध्ये मोजतो, ते आपल्या भागात निव्वळ फसवं आहे. माझा रोजचा रस्ता कासारवडवलीहून कापूरबावडी, कळवा, विटावा करत ऐरोलीला. ट्रिप मीटरवर सरासरी वेग १५ च्या आसपास दिसतो. या वेगाने ६०,००० किलोमीटर म्हणजे ४,००० तास. हायवेवर सरासरी ६० ने तेच अंतर १,००० तासांत होतं. मीटरवर आकडा एकच, पण आमच्या गिअरबॉक्सने चौपट काम केलंय. तेही डीमध्ये (ड्राइव्ह), ब्रेकवर पाय ठेवून, कन्व्हर्टर आतल्या आत ऑइल घुसळत असताना. गाडीच्या पुस्तकात ‘कठीण परिस्थितीतला वापर’ असं वेगळं पान असतं, ते उघडून बघा. सतत थांबत-चालत जाणं, भर उन्हाळा, डोंगराळ रस्ता, पूर्ण भरलेली गाडी. घोडबंदर रोडला राहणाऱ्याचं सगळं आयुष्य त्या पानावर आहे.

दुरुस्तीनंतर पावसाळा गेला, गणपती झाले, आता पुन्हा ऊन तापायला लागलंय. थरथर पहिल्या ऑइललाच अर्ध्यावर आली, तिसऱ्यानंतर जवळजवळ गेली. रिव्हर्सचा धक्का पूर्ण बंद. आरपीएम सुटत नाही. कोकणात सातही जण बसून जाऊन आलो, कशेडीला बोगद्यातून गेलो, काही जाणवलं नाही. मात्र दिवाळीत कसारा घाट चढून इगतपुरीला पोचलो तेव्हा, गाडी पूर्ण तापलेली असताना, हलकी थरथर एक-दोनदा आली. म्हणजे लॉक-अप क्लचची थोडी झीज झालेली आहे, ती ऑइलने भरून येणार नाही. हे मान्य करूनच गाडी ठेवली आहे.

चालवणं थोडं बदललंय. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरत नाही, ब्रेक धरतो. रांग बराच वेळ हलणार नाही असं दिसलं तरच एन (न्यूट्रल). सिग्नलला दर वेळी एन-डी करत बसत नाही, त्याने क्लच उगाच लागतात. घाट उतरताना मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर. आणि पाणी तुंबलेल्या रस्त्यात गाडी घालतच नाही. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जा-ये करायच्या नळीतून) पाणी आत गेलं की ऑइल गुलाबी, दुधासारखं होतं आणि क्लचची अस्तरं सुटायला लागतात. ठाण्याच्या जुलैमध्ये ही भीती खरी आहे.

ठाण्या-नवी मुंबईत अशी सेकंड हँड सात सीटर बघत असाल तर मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड गाडीत रिव्हर्स आणि डी टाकून किती वेळ लागतो ते बघा. मग अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापवून मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठला, हलक्या पायाने चालवा. ट्रिप मीटरवरची सरासरी बघा, मात्र ती नुकतीच शून्य केलेली नाही ना तेही तपासा. एटीएफ बदलल्याचं बिल मागा, आणि त्यावर ऑइलची ग्रेड लिहिली आहे का ते वाचा. बिल नसेल तर ऑइल, फिल्टर आणि सीलचे पैसे किमतीतून कमी करून मागा. आम्ही पुढचं ऑइल किलोमीटरच्या आकड्याची वाट न बघता दोन वर्षांनी करणार आहोत. मिस्त्रींनी तारीख सर्व्हिस बुकात लिहून दिली आहे.