इराकचे तेल: सेवा-करार की उत्पादन-वाटणी?

2003 च्या युद्धानंतर मोडकळीला आलेला तेलउद्योग उभा करताना इराकमध्ये दोन वाटा धरल्या गेल्या. बगदादच्या केंद्र सरकारने 2009 मध्ये सेवा-करार केला: बसऱ्याजवळच्या रुमैला क्षेत्रात ब्रिटिश तेलकंपनी बीपी आणि चीनची सरकारी तेलकंपनी सीएनपीसी यांनी वाढीव उत्पादनाच्या दर पिंपामागे अवघे 2 डॉलर घेण्याचे मान्य केले आणि तेलाची मालकी, 1972 च्या राष्ट्रीयीकरणाला जागून, सरकारकडेच राहिली. इराकच्या उत्तरेकडील स्वायत्त प्रदेश कुर्दिस्तानने मात्र 2007 च्या आपल्या कायद्यानुसार उत्पादन-वाटणी स्वीकारली. तिथे शोधाची जोखीम कंपनीची आणि सापडलेल्या तेलात वाटाही तिचा. अनोळखी भूगर्भासाठी असे आकर्षण गरजेचेच होते. पण 2022 मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

सेवा-करारही निर्दोष नाही. त्यात कंपन्यांचा खर्च सरकारने भरून द्यायचा असतो; 2014 मध्ये तेलाचे भाव कोसळले, तरी तो भागवणे बगदादला चुकले नाही. शिवाय तेलासोबत निघणारा वायू जाळला जातो. रुमैलाजवळच्या वस्त्यांवर रात्रीही ज्वाळांचा तांबूस उजेड असतो आणि त्या धुरात मुले वाढतात, हे फार अस्वस्थ करणारे आहे. तरीही, जिथे तेल असल्याचे आधीच ठाऊक आहे अशा क्षेत्रासाठी मला सेवा-करारच रास्त वाटतो; वायू साठवून वापरण्याची सक्ती मात्र त्यात पहिल्या दिवसापासून काटेकोरपणे व्हायला हवी होती.