९७ टक्के डेटा परत मिळाला म्हणजे नेमकं काय मिळालं

गेल्या चवथीच्या तोंडावर गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या स्टुडिओतली २ टीबीची हार्ड डिस्क बंद पडली. मुंबईच्या एका लॅबकडून तिच्यातला डेटा काढून घेतला. तो परत आला दिवाळीच्या आसपास आणि तेव्हापासून जवळजवळ रोज हाताळतेय. आता शिगमोही होऊन गेला. एवढे महिने थांबून लिहितेय त्याला कारण आहे. डेटा रिकव्हरीबद्दल लोक लिहितात ते बहुतेक डेटा हातात पडला त्याच दिवशी, आनंदात किंवा रागात. फोल्डर दिसले, नावं दिसली, मोठ्ठं ओझं उतरलं. पण फाइल दिसणं आणि फाइल उघडणं यात किती अंतर असतं, ते एकेक फाइल कामाला लागते तेव्हाच कळतं.

डिस्कवर काय होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. लग्न-मुंजींचे फोटो, देवळांतल्या उत्सवी नाटकांची शूटिंग आणि मी गोळा केलेली सत्तरी-डिचोलीतली ध्वनिमुद्रणं. पौषात बायका मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या अंगणात, धालो हा गाण्यांचा खेळ खेळतात तेव्हा रेकॉर्डर घेऊन जायचं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. थोडं रणमाले हे लोकनाट्यही होतं, घोडेमोडणी या लोकनृत्याचे व्हिडिओ होते. लग्नाच्या फोटोंची प्रत गिऱ्हाइकाकडे असते. मांडावर गाणाऱ्या ज्या म्हाताऱ्या आता नाहीत, त्यांच्या आवाजाची प्रत कुणाकडेच नसते. पैसे खर्च केले ते या आवाजांसाठी.

डिस्क पडली नव्हती, आपटली नव्हती. सकाळी संगणक चालू केला तर आतून टक्-टक्, टक्-टक् असा ठरावीक अंतराने आवाज. डिस्कच्या आत डेटा लिहिलेल्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेत असतात आणि वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतर ठेवून तरंगत असतं. हेडाला तबकडीवरच्या खुणा वाचता आल्या नाहीत की ते ज्यावर बसवलेलं असतं तो हात मागे जाऊन थांब्यावर आपटतो आणि पुन्हा शोधायला निघतो. तोच हा आवाज. हेड वाकलेलं किंवा तुटलेलं असेल तर प्रत्येक फेरीत तबकडीवर चरा पडू शकतो. म्हणून लगेच वायर काढली. आदल्या आठवड्यात स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिले होते, सगळे स्वच्छ होते. त्याचं नवल वाटायला नको. गूगलने २००७ साली आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कांनी स्मार्टमध्ये बिघाडाची एकही खूण दाखवली नव्हती.

सल्ले खूप मिळाले. एका दुकानात टेबलावरच झाकण उघडून बघू म्हणाले. जिथे हेड आणि तबकडी यांच्यामध्ये धुळीचा कण मावत नाही, तिथे पंख्याखाली झाकण उघडायचं? दुसऱ्या दुकानात म्हणाले, खालचं सर्किट बोर्ड बदलू, त्याच मॉडेलचं आहे आमच्याकडे. हेही चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या हेडांची जुळणी कारखान्यात मोजून बोर्डावरच्या छोट्या रॉम चिपमध्ये लिहिलेली असते. बोर्ड बदलायचाच तर ती चिप काढून नव्या बोर्डावर लावावी लागते. शिवाय टक्-टक् वाजणारी डिस्क फिरत असते, म्हणजे दोष बहुतेक करून बोर्डात नसतोच. विजेच्या झटक्याने गेलेली डिस्क वेगळी, ती गप्प असते, फिरतच नाही. तिथे कधी कधी बोर्डावरचा संरक्षक डायोड काढला की काम होतं आणि खर्चही थोडा येतो. फ्रीझरमध्ये ठेवून बघ, हा सल्ला अजून फिरतोय. आपल्याकडच्या पावसाळी हवेत फ्रीझरमधून काढलेल्या वस्तूवर मिनिटभरात पाणी सुटतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तेच पाणी तबकड्यांवर जमेल. इंटरनेटवरची रिकव्हरी सॉफ्टवेअर ही धडधाकट डिस्कवर चुकून पुसलेल्या फायलींसाठी असतात. हेड गेलेल्या डिस्कवर ती चालवणं म्हणजे चरा वाढवणं.

मुंबईच्या लॅबला फोन केला तेव्हा तिकडच्या इंजिनिअरने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, आवाज आल्यावर किती वेळा चालू केलीत?" नाही केली म्हटल्यावर म्हणाले, "मग तशीच पाठवा. कुणाला उघडू देऊ नका." मला तिथेच बरं वाटलं, कारण किती जीबी आहे आणि किती पैसे देणार यापेक्षा हा प्रश्न आधी आला. कुरिअरने पाठवली नाही. भाचा कोकणकन्येने मुंबईला जायचा होता, त्याच्याकडे थिवी स्टेशनवर सोपवली. स्थिर विजेपासून वाचवणारी पिशवी, भोवती जाड फोम आणि रात्रभर मांडीवर.

तपासणीचे पैसे घेतले नाहीत. तपासणीचा अहवाल आला: चार हेडांपैकी एक निकामी, त्याच्या खालच्या पृष्ठभागावर एका पट्ट्यात चरा. खर्च ३२,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, त्यात डोनर डिस्क धरून. डोनर म्हणजे सुटी हेडं मिळत नाहीत म्हणून त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच कारखान्यातली, जवळच्या तारखेची चालू डिस्क विकत घेऊन तिची हेडं काढतात. ती एकदा वापरली की संपली. म्हणूनच डेटा नाही तर पैसे नाहीत असं सांगणारे बरेच जण डोनरचे पैसे मात्र वेगळे घेतात. हे आधी विचारून घ्यावं. माझ्या लॅबने कागदावर लिहून दिलं होतं.

तिथलं काम मला आवडलं ते एका गोष्टीसाठी. गाळलेल्या हवेच्या बंदिस्त टेबलावर हेडं बदलल्यावर त्यांनी सरळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायला घेतलं नाही. पीसी-३००० या यंत्रणेवर प्रत्येक हेड वेगळं चालवता येतं. त्यांनी आधी धड तीन पृष्ठभाग पूर्ण वाचून घेतले, आणि चरा असलेला चौथा शेवटी, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू जवळ जात. चऱ्यावरून गेलं की नवं हेडही जातं, आणि तोवर जे वाचून झालं तेवढंच आपलं. तीन पृष्ठभाग भराभर झाले, चौथ्याने कित्येक आठवडे घेतले. मध्ये मला कुणी काही कळवलं नाही. मीच फोन करायची. दिवाळीची गडबड नसती तर जास्त त्रास झाला असता.

मग मेल आली. ९७ टक्के रिकव्हरी, सोबत फायलींची पूर्ण यादी, तपासून मंजुरी द्या, उरलेले पैसे भरा.

यादीत सगळं होतं. प्रत्येक फोल्डर, प्रत्येक नाव, आकार, तारीख. इथे नीट बघायला हवं. विंडोजच्या डिस्कवर फायलींची नावं आणि पत्ते एका वेगळ्या तक्त्यात लिहिलेले असतात, आणि तो तक्ता साधारणपणे डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असतो. माझ्या डिस्कवर चरा आतल्या बाजूला होता, तक्ता सुखरूप होता. म्हणून यादी शंभर टक्के. यादीतल्या नावामागे आत काय आहे, ते यादी सांगत नाही. जे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे लिहिण्याचे छोटे खण, वाचता आले नाहीत तिथे शून्यं भरलेली असतात. फाइलीचा आकार तोच राहतो.

आणि ९७ टक्के हे सेक्टरांचे, फायलींचे नव्हेत. मला या सगळ्या प्रकरणातून काही सांगायचं असेल तर ते हे. न वाचलेले ३ टक्के म्हणजे माझ्या बाबतीत ६० जीबीच्या आसपास. ते डिस्कभर विखुरलेले असते तर मोठी फाइल एकही वाचली नसती. चरा एकाच पट्ट्यात होता म्हणून त्या पट्ट्यात जे लिहिलं गेलं होतं तेच गेलं. डिस्क साधारण बाहेरून आत भरत जाते, त्यामुळे एकाच काळातलं काम शेजारी शेजारी असतं. माझ्याकडे तो काळ निघाला २०१६ चा. त्याच्या आधीचं आणि नंतरचं ठणठणीत, आणि २०१६ च्या फायलींत दर चार तुकड्यांमागे एक तुकडा रिकामा, कारण चार हेडं आळीपाळीने लिहितात आणि त्यातल्या एकाचाच पृष्ठभाग खरवडलेला.

आता या रिकाम्या तुकड्यांचं काय होतं ते फाइल कशी आहे त्यावर ठरतं. महिनोन्महिने फायली उघडून मला जे कळलं ते असं. जेपीजी फोटो ५-८ एमबीचे, ते एक तर पूर्ण वाचले किंवा अर्धे गेले. हळदीचा एक फोटो आहे, नवरीच्या मुंडावळ्यांपर्यंत सगळं नीट, तिथून खाली सपाट राखाडी. गेलेले फोटो बरेच, पण त्याच विधीचे आधीचे-नंतरचे वाचलेले, आणि अल्बम गिऱ्हाइकाकडे असल्यामुळे तिथे फार अडलं नाही. जुन्या कॅमेऱ्याचे एमटीएस व्हिडिओ छोट्या छोट्या पाकिटांत लिहिलेले असतात; चित्र फुटतं, अडकतं, आणि पुढे चालू होतं. त्या वर्षीची उत्सवी नाटकं त्यामुळे बघता येतात. एमपी४ ची गोष्ट वाईट. त्यातली अनुक्रमणिका बऱ्याच कॅमेऱ्यांत फाइलीच्या शेवटी लिहिली जाते, आणि नेमका तोच तुकडा गेला तर दहा जीबीची फाइल उघडतच नाही. घोडेमोडणीच्या दोन क्लिपा अशा होत्या. त्याच कॅमेऱ्याची त्याच सेटिंगची धड क्लिप नमुना म्हणून देऊन अनट्रंक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने एक उघडली, अडखळत का होईना. दुसरी नाही उघडली. एडिटिंगच्या प्रोजेक्ट फायली आणि झिप यांच्यात एक भोक पडलं तरी त्या संपल्या असंच धरावं.

आवाजाची डब्ल्यूएव्ही मात्र फार भली फाइल आहे. तिच्यात आवाज जसाच्या तसा ओळीने लिहिलेला असतो, सीडीच्या दर्जाचा असेल तर मिनिटाला सुमारे १० एमबी. शून्यं आली तिथे शांतता, पुढे त्याच जागी गाणं सुरू. एकच ४ केबीचा सेक्टर गेला असेल तर २३ मिलिसेकंद, म्हणजे कानाला एक छोटी टिचकी. माझे तुकडे त्याहून कितीतरी मोठे होते. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की दाट लाटेच्या मध्येच सरळ रेघ दिसते, कुठे दोन सेकंद, कुठे मिनिटाहून जास्त. पण धालोत बायकांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, एका रांगेने म्हटलेली ओळ दुसरी रांग परत म्हणते. त्यामुळे छोट्या रेघेत गेलेले शब्द कित्येकदा पुढच्याच क्षणी समोरच्या रांगेकडून मिळतात. २०१६ च्या गाण्यांचे शब्द मी असे बसून उतरवले. आवाज भरून काढलेला नाही, आणि काढणारही नाही. संग्रहात मूळ फाइल रिकाम्या जागांसकट ठेवलीय, आणि सोबत कुठून कुठपर्यंत आवाज नाही याची नोंद.

हे काम सोपं झालं ते लॅबने दिलेल्या दुसऱ्या यादीमुळे, आणि ती आपणहून दिली नव्हती. कुठले सेक्टर वाचले गेले नाहीत याचा नकाशा त्यांच्याकडे असतोच. तो फायलींच्या पत्त्यांशी जुळवला की नेमक्या कुठल्या फायलींना भोकं आहेत याची यादी निघते. मी मागितल्यावर दुसऱ्याच दिवशी आली, जादा पैसे न घेता. मग ती पैशांच्या मेलसोबतच का पाठवत नाहीत? उरलेले पैसे भरण्याआधी ती यादी मागा, आणि आपल्या जिवाच्या चार-पाच मोठ्या फायली स्क्रीन शेअर करून शेवटपर्यंत चालवून दाखवायला सांगा. पहिलं मिनिट चालणं पुरत नाही. आणखी एक मागता येतं ते मला उशिरा कळलं: न वाचलेल्या जागी शून्यांऐवजी ठरावीक शब्द भरून घ्यायचा. मग तो शब्द शोधला की फुटकी फाइल आपल्याआपण सापडते. शून्यं तर धड फायलींतही असतात.

लॅबची सेवा कशी, तर हाताचं काम उत्तम, बोलण्या-कळवण्याचं काम सुमार. ३२,००० रुपये मला जास्त वाटले नाहीत. अशा बिघाडाला याहून फार कमी पैसे सांगणारा भेटला तर मी आधी विचारीन की डोनर कुठून आणणार आणि चराळलेला पृष्ठभाग कधी वाचणार. तुमच्या डिस्कवर फक्त फोटो आणि कागदपत्रं असतील तर ९७ टक्के हा फार चांगला निकाल आहे. मोठे व्हिडिओ असतील तर तोच आकडा तुम्हाला रडवू शकतो. पोर्टेबल डिस्क असेल तर ती ज्या बोर्डासकट आली त्या बोर्डासकटच द्या. काहींमध्ये पासवर्ड न घालताही बोर्डावरच्या चिपमधून डेटा कुलूपबंद होत असतो, आणि बोर्ड हरवला की वाचलेली तबकडीही उपयोगाची नाही.

परत आलेला डेटा मी आल्या आल्या दोन नव्या डिस्कांवर उतरवला. एक इथे स्टुडिओत लेन्सांच्या ड्राय कॅबिनेटमध्ये, एक बहिणीकडे बेळगावला. प्रत्येक फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, काढून यादी ठेवलीय, दर काही महिन्यांनी पडताळते. मूळ डिस्क लॅबने परत दिली. चऱ्याचा पट्टा आणखी एक डोनर घालून वाचायचा का, असं त्यांना विचारलं होतं. इंजिनिअरने सरळ सांगितलं, "मॅडम, तिथला मुलामाच गेलाय. पैसे वाया घालवू नका." पुढचं काम सोडायला तयार असलेल्या माणसाचं हे उत्तर मी मानलं.