हेल्मेट कॅमेरा: पोलिसांनी अडवलं तर खरंच कामाला येतो का?

हेल्मेटच्या हनुवटीवर लावायचा कॅमेरा वापरतोय, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. व्हिडिओ झक्कास, पावसातही टिकला, पण बॅटरीच्या नावाने बोंब, थंडीत तर अजूनच लवकर बसते.

बरेच जण हा घेतात ते पोलिसांशी वाद झाला तर पुरावा हवा म्हणून. आता गंमत बघा, गाड्यांच्या मधून बाइक काढली म्हणून मला थांबवलं, साहेब म्हणाले आधी हेल्मेट काढा, काढलं आणि टाकीवर ठेवलं, मग पुढचं सगळं रेकॉर्डिंग म्हणजे नुसतं आभाळ आणि साहेबांचा अर्धा कोपर! आवाज तेवढा आला, तोही ट्रकच्या हॉर्नमध्ये अर्धा गेला.

शिवाय हा पुरावा तुमच्यावरही उलटू शकतो. कट मारलेला, वळणावर ओव्हरटेक केलेला, सगळं त्यात असतंच ना. वाइड लेन्समुळे पुढची गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते, म्हणजे व्हिडिओतल्या अंतरावर भरवसा नाही, त्यामुळे "अंतर भरपूर होतं साहेब" हे व्हिडिओ दाखवून पटवणं अवघडच. आणि "माझा काटा कमी दाखवत होता" हे तर विसराच, संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. 39 प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नसतं, जास्त दाखवला तर चालतो.

कोणी मागून ठोकलं तर मात्र सोन्यासारखी वस्तू. 5 पैकी 3 स्टार, माइक चांगला असता तर 4 दिले असते.