कैरोची पांढरी टॅक्सी आणि आमचा उस्ता: आठ महिने रोज वापरल्यावर

काल टॅक्सीवाल्याशी परत 50 इजिप्शियन पौंडांवरून वाजलं, म्हणून एकदाचं लिहायला घेतलंय. मार्च 2024 पासून कैरोतल्या मादी भागातून दोक्की भागात रोज सकाळी ही एकच टॅक्सी, जुनी व्हर्ना, एसी म्हणजे उघडी खिडकी. मीटरचं तर इथे राहणाऱ्यांना माहितीच आहे, "अद्दाद बायेज" म्हणजे बिघडलाय, आणि तो कायमच बिघडलेला असतो. पहिल्याच आठवड्यात 120 ठरवून टाकले. त्यात तक्रार नाही.

तक्रार आहे सुट्ट्यांची. एटीएममधून 200 च्याच नोटा निघतात, ती दिली की उस्ता, म्हणजे ड्रायव्हर, आरशात बघून म्हणणार "माफीश फक्का", सुट्टे नाहीत. बाकीचे "बुकरा", म्हणजे उद्या, आणि वर "मालेश". मालेश म्हणजे जाऊ दे, पण मला दोन महिने मालिशच ऐकू यायचं आणि चाललेलीही तीच होती. शेवटी मोबाईलमध्ये हिशोब लिहायला लागलो, उस्ताकडून येणे इतके. (उस्ता हे नाव नाही, ड्रायव्हर-मेकॅनिकला मानानं म्हणतात, आपलं उस्तादच.)

गप्पांना मात्र तोड नाही. पहिल्या दिवशी "हिंदी?", म्हणजे भारतीय का, "अमिताभ बच्चन!" करून झालं, मग उतरताना पैसे द्यायला गेलो तर छातीवर हात ठेवून "खल्लीहा", म्हणजे राहू द्या. मी थँक्यू म्हणून निघालो तर मागून हॉर्नवर हॉर्न! आपल्याकडे नाही का पाकीट काढलं की "असू दे हो" म्हणतात, तसलंच. एकदा फोनवर कुणाशी तरी टायरच्या भावावरून भांडताना हा ओरडला, "फाकिर्नी हिंदी?", म्हणजे मला काय भारतीय समजलास, इथे त्याचा अर्थ बावळट. मग आरशात मी दिसलो. त्या दिवशी दोक्कीपर्यंत रेडिओवर फक्त गायिका उम्म कुलसूम, आणि तिचं गाणं काही दोक्कीपर्यंत संपत नाही.

मध्ये माझं मत जरा बदललं. मी आलो त्याच महिन्यात डॉलर 31 वरून 50 पौंडांच्या घरात गेला, पेट्रोल मार्च, जुलै, ऑक्टोबर असं तीनदा वाढलं, आणि यानं भाडं 150 केलं ते पण सगळ्यात शेवटी, ऑक्टोबरात, तेही खाली बघत. मी गप्प दिले. पण मग एका सिग्नलला टिश्यू विकणारी बाई आली आणि यानं सनशेडमागून दहाच्या प्लास्टिकच्या नोटांची चळत काढून एक तिला दिली, पुढे पार्किंगवाल्याला दुसरी. म्हणजे फक्का आहे, माझ्यासाठी नाही! माझं डोकंच फिरलं, 50 पौंड म्हणजे तेव्हा आपले 85 रुपये होत होते राव.

काल तेच झालं, आणि मी मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला: 340 येणे. तो काही बोललाच नाही, कॉर्निशभर, म्हणजे नदीकाठच्या रस्त्यानं, नुसता नाईलकडे बघत चालवत होता, टॅक्सी आठ महिन्यांत पहिल्यांदा एवढी शांत होती.

अपडेट, आज गुरुवार: उतरताना 200 दिले, "खल्लीहा". रिवाजाप्रमाणे तीनदा आग्रह केला. पठ्ठ्यानं खरंच घेतले नाहीत, माझ्या मोबाईलकडे बोट करून "इक्तिब" म्हणाला, लिही, आणि गेला.

लिहिलं. 190 राहिले. आता शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी विचारतो.