धावत्या मेट्रोशेजारी भुयार : सुरुंग की ब्रेकर?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो-३ थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. तिच्या शेजारी आता नवं भुयार काढायचं म्हटलं की बैठकीत पहिलं वाक्य येतं, ‘सुरुंग नकोच.’ मला ही घाई वाटते.

पोकलेनवरच्या ब्रेकरने, म्हणजे दगड फोडणाऱ्या यांत्रिक हातोड्याने, कंपनं कमी होतात आणि स्फोटकांच्या परवान्यांची कटकट नसते. ब्रेशिया किंवा टफसारखा मऊ दगड लागला तर तो झकास चालतो, रोडहेडर म्हणजे फिरत्या दात्यांनी दगड खरवडणारं मशीनही चालतं. पण अखंड काळा बेसाल्ट लागला की छिन्नी नुसती तापते, आणि वरचे रहिवासी दिवसरात्र धडधड ऐकतात. म्हणून आधी बोअरहोलचे नमुने बघा, मशीनचं नंतर.

सुरुंगात एकूण दारू किती, यापेक्षा एका डिलेत, म्हणजे एकाच क्षणी, किती किलो फुटते याला महत्त्व. अंतर तेच ठेवून ती दोन किलोवरून अर्ध्या किलोवर आणली, तर कंपनं साधारण एक तृतीयांश उरतात. साध्या डिटोनेटरची, म्हणजे दारू उडवणाऱ्या टोपीची, वेळ मागेपुढे होते आणि दोन भोकं एकदम उडू शकतात. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर महाग, पण प्रत्येक भोकाला स्वतःचा मिलिसेकंद देता येतो. इथे पैसे वाचवू नका.

खरी मेख ‘कट’मध्ये आहे. फेसमधली, म्हणजे भुयाराच्या समोरच्या दगडी भिंतीतली, ही पहिली भोकं उडतात तेव्हा दगडाला सरकायला जागाच नसते, म्हणून धक्का सर्वात जास्त. तेव्हा कट मेट्रोपासून लांबच्या बाजूला घ्या आणि त्यात मोठी रिकामी भोकं ठेवा. मेट्रोकडच्या कडेला एकमेकांच्या जवळ रिकामी भोकं पाडून शेवटचा मीटरभर ब्रेकरने सोलून काढा.

चुन्याच्या फुगणाऱ्या पावडरीने कंपनं जवळपास होतच नाहीत, पण तडा जायला बहुधा अख्खी रात्र लागते. चार-दोन मीटरच्या नाजूक तुकड्यापुरतीच ती बरी.

मर्यादा कोणती धरायची? डीजीएमएसच्या (केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) १९९७ च्या परिपत्रकात ८ हर्ट्झखालच्या कंपनांसाठी साध्या घरांना सेकंदाला ५ मिमी, ऐतिहासिक वास्तूंना २ मिमी आहे. पण ते खाणींसाठी. चालू बोगद्याचा आकडा मेट्रोकडून टेंडरआधी लेखी घ्या. त्यावरून चार्ज ठरतो, चार्जवरून एका राउंडचा ‘पुल’ (एका स्फोटात भुयार किती पुढे सरकतं ते), आणि त्यावरून कामाचे महिने.

बेसाल्ट असेल आणि मेट्रो आणि नव्या भुयाराच्या मध्ये वीसेक मीटर दगड असेल, तर मी सुरुंगच धरेन. मात्र चाचणी स्फोट लांबून, कमी चार्जने सुरू करायचे आणि जिओफोन (कंपनं मोजणारं यंत्र) मेट्रो बोगद्याच्या आतल्या काँक्रीट अस्तरावरच बसवायचा.