इंटर्नशिप: सेलच्या भरवशावर की विभागाच्या?

बऱ्याच विद्यापीठांत इंटर्नशिपला जायच्या दोन वाटा असतात: मध्यवर्ती प्लेसमेंट सेल, किंवा विभागाने नेमून दिलेला गाइड. मी पदवीला पहिली वाट धरली, पदव्युत्तरला दुसरी. क्रेडिट, अहवाल, वायवा दोन्हीकडे थोड्याफार फरकाने सारखेच, त्यामुळे ते सोडून देतो.

कंपनी मिळवून देण्यात सेलचा हात कोणी धरणार नाही. करारपत्र, विमा, एनओसी सगळं वेळेत हातात. विभागात त्याच एनओसीसाठी सही करणाऱ्याच्या मागे फिरावं लागतं आणि गाइडच्या ओळखीच्या कंपन्या ठरलेल्या असतात. मोठ्या प्रमाणावर हे चालवायचं तर मध्यवर्ती यंत्रणा लागतेच. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून को-ऑप, म्हणजे शिक्षण आणि नोकरी आळीपाळीने करायचे अभ्यासक्रम चालवतं, ते उगाच नाही.

माझं बिनसलं ते रुजू झाल्यानंतर. मला डिझाइनसाठी घेतलं होतं. मध्येच टीमकडे दुसरं काम आलं आणि मी जुनी ड्रॉइंग स्कॅन करून फायलींना नावं देत बसलो. कंपन्यांत असं होतं, त्याचा राग नाही. पण हे सेलला कळवायचं कुठे? पोर्टलवरचा ‘कामाचे स्वरूप’ हा रकाना मंजुरीनंतर राखाडी व्हायचा, क्लिकच होत नसे. ‘अडचणी’खाली पर्याय चार: हजेरी, स्टायपेंड, प्रवास, इतर. ‘इतर’ निवडलं की तक्रार क्रमांक यायचा, आणि काही दिवसांनी तीच तक्रार ‘निकाली’ असा शिक्का घेऊन परत. कोणी निकाली काढली, कशी, देव जाणे. साप्ताहिक नोंदीत मात्र किमान शब्दसंख्येची सक्ती. स्कॅनिंगवर दर आठवड्याला नवा परिच्छेद पाडायची कला मला तिथे साधली. तिचा पुढे काडीचाही उपयोग झालेला नाही.

कागदपत्रं म्हटली की असंच होणार, असं मात्र नाही. युरोपातल्या इरॅस्मस प्लस योजनेत विद्यार्थी, विद्यापीठ आणि कंपनी अशा तिघांच्या सह्यांचा करार असतो आणि मध्येच काम बदललं तर ते नोंदवायला त्यात वेगळा भागच ठेवलेला आहे. आमच्या पोर्टलला तेवढं सुचलं नव्हतं.

विभागाच्या वाटेने गेलो तेव्हाही काम घसरलंच. टेस्टिंगऐवजी टेस्टिंगचे आकडे एका शीटमधून दुसरीत उतरवणं. फरक इतकाच की गाइड मॅडम भेटीला आल्या, त्या केबिनमध्ये जायच्या आधी माझ्या टेबलापाशी थांबल्या. “सकाळपासून काय केलंस ते उघडून दाखव.” शीट पाहिली, काही बोलल्या नाहीत. मग सुपरवायझरशी बोलायला गेल्या, मला बाहेर ठेवून. पुढच्या आठवड्यापासून निम्मा दिवस टेस्टिंग बेंचवर.

१९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात ही को-ऑप पद्धत सुरू केली, तेव्हा मुलं आळीपाळीने एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात असत. या दोन्हींत ये-जा करून शिकणं आणि काम यांचा मेळ घालणारा समन्वयक तिथे लवकरच नेमला गेला. मॅडम करत होत्या ते हेच.

आता, सगळे गाइड असे नसतात हेही खरं. काही जण फोनवर “सगळं ठीक ना?” विचारून भेटीच्या फॉर्मवर सही करतात. गाइड आणि सुपरवायझर जुने दोस्त असले तर तक्रार करताना जीभ अडखळते. सेलकडे निदान तोंडओळखीचा असा प्रश्न येत नाही. माझा अनुभव दोनच ठिकाणचा, तुमच्याकडे सेलमध्ये एखादा जागरूक माणूस असेलही.

कंपनी परदेशात असेल किंवा व्हिसा-विम्याची भानगड असेल, तर मी आजही सेलकडेच जाईन, मात्र विभागातल्या कोणाचा तरी नंबर घेऊन. बाकी वेळी विभाग. ठरवण्याआधी मागच्या बॅचमधल्या एखाद्याला गाठा. किती कंपन्या येतात ते विचारू नका, ते माहितीपत्रकात असतं. काम मध्येच बदललं तेव्हा कंपनीशी कोण बोललं, ते विचारा.