कडेला चार इंच, मध्ये दोन

घरामागे काँक्रीटचा पॅटिओ (बसायला उघडा ओटा), त्यावर पर्गोला (खांबांवरचा उघडा मांडव), भोवती झाडं, असं काम काढणार असाल तर आम्हाला कसं गंडवलं ते आधी वाचा.

ठेकेदाराचं कोटेशन बघण्यासारखं होतं. १०० मिमी जाडी, एम२० प्रतीचं (मजबुतीची श्रेणी) काँक्रीट, आत लोखंडी जाळी, घरापासून बाहेरच्या बाजूला उतार. काम झाल्यावर त्याने स्वतःच कडेला टेप लावून दाखवला. चार इंच, बरोबर भरले. उरलेलं बिल चुकतं केलं.

पुढे दिव्याच्या वायरसाठी इलेक्ट्रिशियनने मधोमध भोक पाडायला घेतलं, तर ड्रिल बघता बघता खाली मुरमात गेलं. जाडी जेमतेम दोन इंच! ठेकेदारसाहेबांनी कडेच्या साच्याच्या फळ्यांपाशी चार इंच सोडून मध्ये मुरूम चढवून घेतला होता. बाहेरून दिसते ती फक्त कड, हे त्याला पक्कं ठाऊक. जाळीही खाली कव्हर ब्लॉक (तिला वर उचलून धरणारे ठोकळे) न लावता थेट मुरमावर अंथरलेली, म्हणजे असून नसल्यासारखी.

हे माल ओतायच्या आधी सहज पकडता येतं. समोरासमोरच्या फळ्यांवर दोरी ताणायची आणि मध्ये तीन-चार जागी दोरीपासून मुरमापर्यंत माप घ्यायचं. 'आज नुसती भरणी आहे, उद्या या' असं कोणी म्हणालं तर आजच जा.

पर्गोल्याच्या खांबांना वेगळं फुटिंग (जमिनीतला काँक्रीटचा पाया) ठरलं होतं, ते केलंच नाही. खांबांच्या बुडाची बेस प्लेट त्या दोन इंचांवरच बसवली. प्रत्येक प्लेटला चार बोल्टची डोकी दिसत होती, पण त्यातली दोन नुसती चिकटवलेली. पान्याचीही गरज पडली नाही, बोटाने ढकललं तर निघून हातात आली. वारा सुटला की अख्खा सांगाडा कुरकुरायचा तो यामुळे.

झाडांची नवी पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. 'खत कमी पडतंय' म्हणून ठेकेदाराने खतही गळ्यात मारलं. वाफा खणला तर वीतभर मातीखाली आमच्याच कामाचा राडारोडा. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते, मग मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. खत घालून काय होणार, कपाळ?

आता सगळं फोडून परत करतोय. नव्या माणसाला पैसे टप्प्याटप्प्याने: मुरूम दाबून, दोरीने माप झालं की पहिला हप्ता, ओतल्यावर किमान सात दिवस पाणी मारून झालं की दुसरा. फुटिंगचे खड्डे उघडे असतानाचे फोटो मागितले तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण पाठवले.